रान सर्वांचे, विस्तव ज्याचा त्याचा

अमेरिकेच्या नकाशावर उत्तरेकडे पाच मोठी सरोवरे एकमेकांना बिलगून बसलेली दिसतात. त्यांतले मिशिगन सरोवर एवढे अफाट, की या काठावर उभे राहिले तर पलीकडचा काठ दिसत नाही. त्याच्या पश्चिमेला विस्कॉन्सिन राज्य. तिथे जमिनीची एक लांबट जीभ पाण्यात शिरली आहे. जिभेच्या एका अंगाला सरोवर आणि दुसऱ्या अंगाला त्याच सरोवराचा आत घुसलेला फाटा. या फाट्याला ग्रीन बे म्हणतात. बे म्हणजे आखात. पण हे आखात खाऱ्या पाण्याचे नव्हे, गोड्या पाण्याचे. लांबी सुमारे १२० मैल. त्यावर लाटा उठतात, मोठमोठ्या बोटी चालतात, वादळेही होतात, पण मिठाचा कणसुद्धा जिभेला लागत नाही.

या आखाताच्या काठी पेनिन्सुला स्टेट पार्क नावाचे ३,७७६ एकरांचे रान आहे. पार्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फुलांचे वाफे, कारंजी आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी येते. इथे तसले काही नाही. मेपल, बीच, भूर्ज, सीडर यांचे दाट रान, आखाताला लागून सुमारे आठ मैलांचा किनारा आणि पाण्यावर ओणवे झालेले उंच खडकाळ कडे. मालकी राज्य सरकारची, म्हणून स्टेट पार्क. मुक्कामासाठी आखून दिलेल्या साडेचारशेहून अधिक जागा या रानात आहेत आणि उन्हाळ्यात त्या बहुतेक भरलेल्या असतात.

वाचकहो, शेतकऱ्याला रानात झोपण्याचे अप्रूप ते काय! ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर, सुगीत खळ्यावर, उन्हाळ्यात विहिरीच्या थारोळ्यापाशी आपण झोपतोच. पण ते झोपणे कामाचे. एक डोळा मिटलेला, एक उघडा. काम घरी ठेवून, बायकापोरांना घेऊन, केवळ विसाव्यासाठी रानात जाऊन राहायचे, याला तिकडे कॅम्पिंग म्हणतात. एवढी माणसे दरसाल येऊन राहतात, चुली पेटवतात, पोरे हुंदडतात, आणि तरी ते रान रानच कसे राहते, हा आपल्या उपयोगाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तिथल्या नियमांत आहे, आणि त्यातल्या मोठ्या नियमांमागे कधी तरी झालेले मोठे नुकसान उभे आहे.

जमीन कोणाची होती?

आधी या जमिनीची कुळकथा ऐका. फार पूर्वीपासून या भागात पोटावाटोमी नावाचे आदिवासी लोक राहत होते. मासेमारी, शिकार, मक्याची थोडी शेती असा त्यांचा संसार. एकोणिसाव्या शतकात करारांच्या कागदांवर या जमिनी त्यांच्या हातून गेल्या आणि युरोपातून आलेली शेतकरी व कोळी कुटुंबे येथे वसली. त्यांनी झाडे तोडली, दगड वेचले, बांध घातले. पण जमीन कशी? खाली डोलोमाइट नावाचा चुनखडीच्या जातीचा कातळ आणि वर मातीचा थर कुठे हातभर, कुठे वीतभर. नांगर घातला की फाळ दगडावर वाजायचा. काहींचे कसेबसे चालले, पुष्कळांचे चालले नाही.

१९०९ साली जॉन नोलन नावाच्या उद्यानरचनाकाराने विस्कॉन्सिन सरकारला अहवाल दिला, की राज्यातल्या चार उत्तम जागा लोकांसाठी राखून ठेवाव्यात. त्यांतली एक ही. त्याच सुमारास सरकारने येथील जमिनी मालकांकडून विकत घ्यायला सुरुवात केली. सोडलेल्या शेतांत पुन्हा झाडे उठली. १९३० च्या दशकात मंदी आली, तरुणांना काम नव्हते, तेव्हा केंद्र सरकारच्या रोजगार पथकांतल्या मुलांनी येथे वाटा पाडल्या, दगडी भिंती रचल्या, रोपे लावली. आज मुक्कामाला येणारा माणूस ज्या दाट सावलीत तंबू ठोकतो, त्यातले पुष्कळसे रान कोणाच्या तरी जुन्या शेतावर उभे आहे. रानातच एक जुने कबरस्तान आहे. तिथे त्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या पिढ्या झोपल्या आहेत.

आणि आणखी एक कबर आहे. पोटावाटोमींचे प्रमुख सायमन काहक्वाडोस १९३० साली वारले. १९३१ च्या मे महिन्यात त्यांना या उद्यानात पुरण्यात आले आणि त्या दिवशी हजारो लोक जमले होते. ज्यांच्या पूर्वजांची ही सारी भूमी, त्यांच्या वाट्याला तिच्यातली एवढी जागा आली. तीही आज गोल्फच्या मैदानालगत आहे. रानाची शोभा सांगताना ही गोष्ट सांगायची राहू नये, म्हणून आधीच सांगितली.

शुक्रवारची संध्याकाळ

आता मुक्कामाची रीत पाहू. आयत्या वेळी गेले आणि तंबू ठोकला, असे उन्हाळ्यात सहसा जमत नाही. जागा अकरा महिने आधीपासून राखून ठेवता येते, आणि जुलै-ऑगस्टातल्या शनिवार-रविवारसाठी लोक तेवढे आधी नाव लावतात. विस्कॉन्सिन हे दुधाचे राज्य. मोटारींच्या नंबरपाटीवरसुद्धा १९४० पासून 'अमेरिकेची दूधशाळा' अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात. त्यामुळे शहरातला नोकरदार सुटी टाकून निघतो, पण गाईवाल्याचे तसे नसते. गाय शनिवार-रविवार ओळखत नाही. तिची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते. गोठा सांभाळायला शेजारी, भाऊ किंवा रोजावरचा माणूस मिळाला तरच त्याला दोन रात्री बाहेर काढता येतात. हे दुखणे आपल्यालाही नवे नाही.

फाटकापाशी मोटारीचा पास घ्यायचा आणि आपल्या क्रमांकाच्या जागेवर जायचे. जागा म्हणजे झाडीत मोकळी केलेली सपाट जमीन. तिथे जेवायला एक लाकडी मेज, बाके आणि विस्तवासाठी जमिनीत बसवलेले लोखंडी कडे. बाकी सारे आपले आपण न्यायचे. तंबू, अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा, कंदील किंवा बॅटरी. पाण्याचा नळ आणि संडास थोड्या अंतरावर असतात. तंबू ठोकताना जाणता माणूस आधी वर पाहतो. डोक्यावर वाळकी फांदी लोंबत असेल तर तिथे तंबू नाही. मग खाली पाहतो. खोलगट जागा असेल तर रात्री पाऊस आल्यावर अंथरुणाखाली तळे होते. शेतात खोप घालणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही, पण शहरातून आलेल्याला पहिल्या पावसात कळते.

विस्तवाचा नियम

पहिला नियम विस्तवाचा. आग पेटवायची ती त्या लोखंडी कड्यातच. दुसरीकडे कुठेही नाही. वारा सुटला, रान वाळले, तर तेवढ्या दिवसांपुरती तीही बंद.

हा नियम कडक का, हे कळायला १८७१ साली जावे लागते. त्या साली उन्हाळा कोरडा गेला. पावसाचा पत्ता नाही. दलदली आटल्या. आखाताच्या पलीकडच्या बाजूला पेश्टिगो नावाचे लाकूडगिरण्यांचे गाव होते. भोवतालचे शेतकरी रान तोडून नवी जमीन काढत होते आणि तोडलेला पालापाचोळा, खुंट पेटवून देत होते. रेल्वेचा रस्ता साफ करणारेही तेच करत होते. असे लहान लहान विस्तव आठवडेच्या आठवडे धुमसत राहिले. कोणाला त्याचे विशेष वाटत नव्हते, कारण दरसाल असेच चाले. ८ ऑक्टोबरला रविवारी संध्याकाळी जोराचा वारा सुटला. त्याने हे सारे विस्तव एकत्र केले आणि आगीची भिंत उभी राहिली. तास-दीड तासात पेश्टिगो गाव भस्म झाले. जी माणसे नदीत उतरून डोक्यावर ओली घोंगडी घेऊन रात्रभर उभी राहिली, त्यांतली काही वाचली. मेलेल्यांचा आकडा १,२०० ते २,५०० असा सांगतात. गावाची दप्तरे आणि ओळखणारी माणसेही जळाली, म्हणून नक्की मोजदाद झालीच नाही. सुमारे १२ लाख एकर मुलूख जळाला.

आखाताच्या अलीकडे, या जिभेच्या दक्षिण भागातही त्याच दिवशी आग पसरली. विल्यमसनव्हिल नावाच्या लाकूडगिरणीच्या लहान वस्तीत सुमारे ६० माणसे गेली. त्याच रात्री शिकागो शहरही जळाले. शिकागो मोठे शहर, त्याची आग जगभर गाजली. पेश्टिगोची आग तिच्याहून कितीतरी अधिक माणसे घेऊन गेली, पण शेतकऱ्यांची आणि मजुरांची म्हणून मागे पडली.

तेव्हा मुक्कामाला आलेल्या माणसाने झोपण्याआधी विस्तव कसा विझवायचा, हे तिथे पोरासोरांनाही शिकवतात. कड्यातल्या निखाऱ्यांवर पाणी ओतायचे. काठीने राख ढवळायची. पुन्हा पाणी ओतायचे, पुन्हा ढवळायचे. मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहायची. ऊब लागली तर विस्तव जिवंत आहे, पुन्हा पाणी. नुसती माती लोटून भागत नाही. मातीखाली निखारा तासन् तास जागा राहतो आणि पहाटेच्या वाऱ्यात डोके वर काढतो. बांध पेटवून घरी आलेल्या आणि रात्री शेजाऱ्याची गंजी जळताना पाहिलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये.

जळणाचा नियम

दुसरा नियम ऐकून प्रथम हसू येईल. मुक्कामाला येताना घरचे जळण आणायचे नाही! जळण आणायचेच तर ते उद्यानापासून १० मैलांच्या आतले हवे, किंवा उष्णता देऊन किडीपासून मुक्त केल्याचा सरकारी दाखला असलेले हवे. आपले जळण, आपली मोटार, मग सरकारचे काय जाते?

जाते ते असे. आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगेरा आहे. लांबी अर्ध्या इंचाच्या आसपास. २००२ साली तो मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराजवळ सापडला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा. त्याची मादी ॲश नावाच्या झाडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी सालीखाली शिरते आणि झाडाचे अन्न वाहून नेणारा कोवळा थर नागमोडी कोरत जाते. खोडकिड्याचीच तऱ्हा. वरून झाड हिरवे दिसते, आतून मात्र शिरा तुटलेल्या असतात. शेंड्याकडून वाळत वाळत काही वर्षांत झाड उभेच्या उभे मरते. औषध न केलेल्या झाडांपैकी जवळजवळ एकही वाचत नाही.

हा भुंगेरा स्वतःच्या पंखांनी फार लांब जात नाही. वर्षाकाठी थोडे मैल. पण ॲशचे जळण मोटारीत टाकून कोणी दोनशे मैलांवर मुक्कामाला निघाला, की सालीखालच्या अळ्या फुकटात प्रवास करतात. चार ओंडके शिल्लक राहिले, ते तिथेच टाकून माणूस घरी गेला, की उन्हाळ्यात त्यांतून भुंगेरे बाहेर पडतात आणि समोर अख्खे रान उभे. २००८ साली हा भुंगेरा विस्कॉन्सिनमध्ये सापडला आणि २०१४ साली या जिभेवरही येऊन पोहोचला. तेव्हापासून ॲशची झाडे मरत चालली आहेत. मेलेले झाड मुक्कामाच्या जागेवर उभे ठेवता येत नाही, तंबूवर कोसळेल. म्हणून ती तोडावी लागतात, आणि जिथे सावली होती तिथे ऊन येते.

एक रात्र शेकायला आणलेले चार ओंडके, आणि त्यापायी पन्नास वर्षांची झाडे गेली. आणणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. घरी जळण पडले होते, विकतचे कशाला घ्यायचे, एवढाच काटकसरी विचार. बेणे, रोपे, कलमे, शेणखत यांच्याबरोबर एका गावची कीड दुसऱ्या गावी जाते, ती अशाच काटकसरीने जाते.

पाणी, माती आणि गोचीड

तिसरा नियम सांडपाण्याचा आणि कचऱ्याचा. भांडी घासलेले पाणी झाडाखाली फेकायचे नाही, नळाखाली भांडी घासायची नाहीत, संडासाला झाडीत जायचे नाही. याचे कारण पुन्हा तो कातळ. डोलोमाइटला भेगा असतात. वर माती जाड असती तर पाणी हळूहळू मुरले असते, गाळले गेले असते. इथे मातीचा थर पातळ. वर टाकलेली घाण पावसाबरोबर भेगेतून सरळ खाली जाते आणि विहिरींच्या पाण्यात मिसळते. या भागातल्या शेतकऱ्यांनाही शेणाची स्लरी कुठे, केव्हा, किती टाकावी याची बंधने पाळावी लागतात ती याचसाठी. कातळ उथळ असलेल्या प्रत्येक गावाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आयाबहिणींनी मुलांबाबत घ्यायची काळजीही सांगितली पाहिजे. त्या रानात हरणे पुष्कळ, आणि हरणांमागे गोचीड आली. तिथली एक बारीक गोचीड, तिची पिल्ले तर खसखशीएवढी, माणसाला चावली तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो. आधी चाव्याभोवती लाल चट्टा, ताप, अंगदुखी. दुर्लक्ष केले तर पुढे सांधे धरतात. उपाय साधा आहे. रानातून आले की मुलांचे अंग तपासायचे. काखा, कानामागे, मांड्यांचे सांधे, केसांतली कातडी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. चिरडायची नाही, तिच्यावर तेल किंवा रॉकेल टाकत बसायचे नाही. ती जितक्या लवकर निघेल तितका धोका कमी, म्हणून ही तपासणी रोज संध्याकाळी.

दुसरी काळजी एका तीन पानांच्या वेलीची. पॉयझन आयव्ही तिचे नाव. तिचा चीक लागला की कातडीला खाज सुटते, फोड येतात. खाजकुइली माहीत असलेल्या मुलाला एकदा दाखवली की पुरे. आणि वाळूच्या काठावर पोहायला उतरताना लक्षात ठेवायचे, की तिथे बुडणाऱ्याला वाचवणारा सरकारी पोहणारा नेमलेला नसतो. लेकराची राखण आईबापांनीच करायची.

रात्र आणि सकाळ

हे उद्यान जिभेच्या पश्चिम अंगाला आहे, त्यामुळे सूर्य आखाताच्या पाण्यात मावळतो. जून महिन्यात अंधार पडायला साडेनऊ वाजतात. तोवर पोरे सायकली फिरवतात. रानातून सायकलीची साडेनऊ मैलांची एक वाट आखलेली आहे. मग कड्याभोवती माणसे बसतात. कोणी मक्याची कणसे भाजतो, कोणी सॉसेज. आजोबा गोष्ट सांगतात. रात्री ११ ते सकाळी ६ गलका करायचा नाही असा नियम आहे. रेडिओ बंद, मोठ्याने हसणेही आवरते. शेजारच्या तंबूत तान्हे मूल असते, त्याच्या पलीकडे दिवसभर मोटार हाकून थकलेला माणूस असतो. कापडाची भिंत आवाज अडवत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. मग लाटांचा आवाज ऐकू येतो आणि कधी रकून नावाचे मांजराएवढे चोरटे जनावर शिध्याचा वास घेत येते. शिधा मोटारीत बंद करून ठेवला असेल तर ते हात हलवीत परत जाते.

पाण्याच्या शेजारामुळे जुलैतही रात्र गार असते. याच गारव्यावर या भागातली चेरीची शेती उभी आहे. वसंतात आखाताचे आणि सरोवराचे पाणी थंड असते, ते हवा थंड ठेवते, झाडे घाईने फुलत नाहीत, आणि उशिरा पडणाऱ्या दहिवराच्या तडाख्यातून मोहर वाचतो. शरदात उलट होते. पाणी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते आणि थंडी उशिरा उतरते. १८९० च्या दशकात विद्यापीठातले फळबागतज्ज्ञ एमेट गॉफ आणि बागाईतदार आर्थर हॅच यांनी हे हेरले आणि इथे फळझाडे लावून दाखवली. ज्या पातळ मातीत गहू रडत होता, तिथे आंबट चेरी हसू लागली. जुलैच्या उत्तरार्धात मुक्कामाला आलेली कुटुंबे शेजारच्या बागांत जाऊन स्वतःच्या हाताने चेरी तोडतात आणि वजनावर पैसे देतात. तोडणीची मजुरी बागवाल्याची वाचते, पोरांची हौस होते.

सकाळी कड्यांखालची पाऊलवाट धरायची. दीडशे-दोनशे फूट उंच कातळ. हाच खडकाचा कणा शेकडो मैल वळसा घेत नायगाऱ्यापर्यंत जातो आणि तिथे त्याच्यावरून तो प्रसिद्ध धबधबा कोसळतो. कातळाच्या फटींत मनगटाएवढ्या जाडीची वेडीवाकडी सीडरची झाडे दिसतात. ती रोपे वाटतात, पण अशा कड्यांवरची काही झाडे कैक शतकांची असतात. माती नाही, पाणी नाही, म्हणून वाढ केसाच्या जाडीने. म्हणून वाट सोडून कड्यावर चढायची मनाई आहे. आधारासाठी पोराने धरलेली फांदी तुटली, तर तेवढी पुन्हा यायला माणसाच्या दोन पिढ्या जातात.

पुढे १८६८ साली बांधलेले पिवळसर विटांचे दीपगृह लागते. विल्यम डुक्लॉन नावाचा रखवालदार १८८३ ते १९१८ अशी पस्तीस वर्षे इथे दिवा लावत राहिला आणि त्या लहानशा घरात नवराबायकोंनी सात मुलगे वाढवले. १९२६ साली दिवा आपोआप चालणारा झाला आणि रखवालदाराची गरज संपली. आता तिथे त्या काळचा संसार मांडून दाखवला आहे.

कड्याच्या माथ्यावर पाहणीचा बुरूज आहे. पहिला लाकडी बुरूज १९१४ चा, दुसरा १९३२ चा. त्याच्या लाकडाला कूज लागलेली आढळली म्हणून तो २०१५ साली बंद केला आणि पुढल्या वर्षी उतरवला. लोकांना चुटपुट लागली. वर्गणी जमली, सरकारने भर घातली, आणि २०२१ साली ६० फुटांचा नवा बुरूज उभा राहिला. यावेळी जिन्याबरोबर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी ८५० फुटांची सौम्य चढणीची वाटही बांधली. ज्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी जिना चढून आखात पाहिले होते, त्यांना आता नातवंडे चाकांच्या खुर्चीत बसवून वर नेतात.

निघताना

मुक्कामाची मुदत दुपारी ३ ला संपते. त्याआधी तंबू गुंडाळायचा, राख हाताने तपासायची, मेजाखाली पडलेला कागद, बाटलीचे बूच, दोरीचा तुकडा वेचायचा. आपल्यामागून येणाऱ्या कुटुंबाला ही जागा नुकतीच आखून दिल्यासारखी वाटली पाहिजे. हे सारे फुकटही नाही. २०१५ साली राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून उद्यानांच्या चालू खर्चाला मिळणारा पैसा काढून घेण्यात आला, आणि भार मुख्यतः मोटारीच्या पासावर व मुक्कामाच्या फीवर आला. पैसे वाढले की गरिबाला दोन रात्री रानात काढणे जड जाते. नाही वाढले, तर संडास आणि वाटा कोण दुरुस्त करणार? सर्वांचे रान सर्वांना परवडले पाहिजे, ही ओढाताण तिथेही सुटलेली नाही.

आपल्या वाचकांपैकी काहींची मुले-सुना शिकागो-मिलवॉकीच्या बाजूला आहेत. शिकागोहून हे रान मोटारीने पाचएक तासांवर आहे. त्यांना पत्रातून, फोनवरून एवढे जरूर कळवा, की जागा आधी राखून ठेवा, जळण तिथेच विकत घ्या, आणि लेकरांचे अंग रोज संध्याकाळी तपासा. बाकीच्यांसाठी वर सांगितलेली विस्तव विझवायची रीत आहेच. हुरड्याची आगटी असो, वनभोजनाची चूल असो की पाचट पेटवलेला बांध असो, उठण्याआधी पाणी, ढवळणे, पुन्हा पाणी, आणि मग राखेजवळ हात. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला यंदा हे काम नेमून द्या.